काळी चारची गाडी

गुळाच्या वासानं बाकीच्यांना भूक लागते. मला पेट्रोल आठवतं.

परवा संध्याकाळी बांधावरून घराकडं येत होतो. शेजारच्या मळ्यात यंदाचं गुऱ्हाळ त्याच दिवशी लागलं होतं. चुलवाणात पाचट धडधडत होतं, काहिलीवरून वाफ उठत होती, आणि वारा माझंच नाक शोधत आल्यासारखा थेट अंगावर आला. पहिल्या आधणाचा वास जरा कच्चा असतो. त्यात गोडीपेक्षा धूर जास्त. मी जागच्या जागी उभा राहिलो, डोळे मिटले, आणि मला स्पष्ट ऐकू आलं: चार सिलिंडरचं इंजिन, त्यातला तिसरा रुसलेला. डोळे उघडले तर समोर आमची म्हैस रवंथ करत होती. घरी येऊन हे सांगितलं तर सौभाग्यवती म्हणाल्या, "दर हंगामात तुमचं हे सुरू होतं. गूळ खा आणि गप बसा."

गूळ खाल्ला. गप बसणं जमलं नाही. म्हणून हा कागद.

लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी मोटार ट्रान्सपोर्टमध्ये हवालदार होतो. वाळवंटात लॉऱ्या हाकून घरी परतलो तेव्हा माझ्याजवळ एक काळी ट्रंक होती, एक ओव्हरकोट होता आणि एक खोड होती: कुठलंही इंजिन दिसलं की टोपण उघडून आत डोकं घालायचं. साताऱ्यात गोरे साहेब बाडबिस्तरा बांधत होते. त्यांच्यातल्या एकाच्या बंगल्यामागं, गवताच्या शेडखाली, मला ती दिसली. दोन माणसांची, बसकी, लांब नाकाची, तांबडी, शर्यतीची विलायती गाडी. तांबडा रंग फक्त सावलीच्या बाजूला उरला होता. ड्रायव्हरच्या जागेवर एक कोंबडी अंडी उबवत होती. मी टोपण उघडलं तेव्हा तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्याच नजरेनं पुढं आमच्या घरचे सगळे बघणार होते.

साहेब म्हणाला, गाडी घेऊन जा, कोंबडी मेमसाहेबांची आहे.

आमचे आबा म्हणजे शर्यतीच्या बैलांचे दर्दी. सांगलीच्या आसपास कुठल्या जत्रेत कुणाचा बैल पळाला आणि कुणाचा फुगला हे त्यांना पाठ. मी गाडी लॉरीत घालून मळ्यात आणली तेव्हा ते बाजारात खोंड बघावं तसे तिच्याभोवती दोनदा फिरले.

"शंकऱ्या, हे काय आणलंस रं?"

"गाडी आबा. शर्यतीची."

"माणसं दोनच बसत्यात. मग ऊस कुठं भरायचा?"

"हिच्यात ऊस भरायचा नसतो."

"बरं. शेण टाकती का?"

"धूर टाकते."

"धुरानं ऊस वाढत न्हाई, लेका." एवढं बोलून ते खाली वाकले, पुढच्या चाकावर थाप मारली आणि स्वतःशीच पुटपुटले, "पाय मातर चांगलं हायती."

मी ओळखलं, अर्धं घर जिंकलं. उरलेलं अर्धं म्हणजे आई. तिनं गाडीच्या नाकावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "एवढ्या लाडानं एखादी सून आणली असतीस तर."

पहिल्याच फेरीत माझा पाय गाडीच्या तळातून खाली गेला. वाचकहो, हे अलंकारिक नाही. मी क्लच दाबला, तळाची फळी बिस्किटासारखी मोडली, आणि काही पावलं गाडी पळत होती आणि तिच्या आत मीही पळत होतो. थांबून पत्रा उचकटला तेव्हा कळलं की वरून लोखंडी दिसणारी ही विलायतेची राणी आतून लाकडाची आहे. सांगाडा लाकडी, तळ लाकडी, घड्याळं बसवलेली समोरची फळी लाकडी, आणि या सगळ्यात साताऱ्याच्या वाळवीनं आपली वसाहत केलेली. साहेबांचं राज्य आधी कुणी पोखरलं असेल तर या मंडळींनी.

गावचा सुतार म्हणाला, बाभळीचं करू, तीन पिढ्या हलणार नाही. मी म्हटलं, तीन पिढ्या हलली नाही तर शर्यत कशी पळेल? मला हलकं, चिवट आणि वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड हवं होतं. तसं लाकूड आमच्या मुलखात एकाच ठिकाणी मिळण्यासारखं होतं. मिरजेत, सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या आळीत.

पेट्रोल तेव्हा कुपनावर होतं. ते शर्यतीसाठी राखायचं, म्हणून आबांनी आपली लाडकी जोडी, हरण्या आणि पाखऱ्या, गाडीला जुंपली. नाकावर जू, नाकाच्या टोकावर आबा कासरा धरून बसलेले, आणि मागं स्टिअरिंग धरून मी, डोळ्यांवर वाळवंटातला चष्मा. सात मैल आम्ही असे गेलो. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या. एक गाडीवान ओरडला, "हवालदार, पेट्रोल संपलं का कडबा?"

आबांनी वळूनही बघितलं नाही. "कडब्यावरच चालतीया! तुला पायजे का एक?"

त्या आळीचा वास अजून माझ्या नाकात आहे. लाख, सरस, लाकडाचा भुसा. आढ्याला भोपळे टांगलेले. प्रत्येक दुकानातून कुणीतरी एक तार छेडतंय, पिळतंय, पुन्हा छेडतंय. फक्त एक दुकान मुकं होतं. ते हमीदचाचांचं. लाकूड बघावं तर त्यांच्याकडं, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि सांगताना सगळ्यांनी आवाज खाली आणला.

याचं कारण मला हळूहळू कळलं. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं कणकण घासून असा करायचा की तार तिला धड टेकणार नाही आणि धड सुटणारही नाही. मग त्या एका तारेतून मधमाश्यांचं पोळं उठतं. तिला जवारी म्हणतात. ते काम हातापेक्षा कानाचं. हमीदचाचांच्या जवारीसाठी धारवाडहून लोक येत. दोन वर्षांपूर्वी हिवतापानं चाचांना झोडपलं आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. उजवा पूर्ण, डावा नावापुरता उरला. तेव्हापासून ते नुसते सांगाडे करत, भोपळे कापत, पॉलिश मारत. जवारीचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाई, आणि चाचांच्या दारावरून जाताना मान खाली घाली. त्यांची जवारीची कानस फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेली होती. त्या दुकानात धूळ अशी फक्त तिच्यावर होती.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी दारातून फौजी आवाजात ओरडलो, "चाचा, लाकूड पाहिजे!"

मेंदी लावलेली दाढी वर झाली. "ओरडतोस कशाला? मी बहिरा नाही. हल्ली ऐकायचं सोडलंय, एवढंच."

ते बाहेर आले, बैलांना सलाम केला, आबांना केला, आणि गाडीच्या उघड्या सांगाड्यावरून हात फिरवला. "यात तारा कुठं लावायच्या?"

मी हातवारे करून सांगितलं की तारा नाहीत, ही मोटार आहे.

"मोटार असेल बाबा. पण सांगाडा खानदानी आहे."

महिनाभर ती गाडी त्यांच्या दुकानासमोर उघड्या अंगानं उभी होती. मी रोज सायकलवरून जायचो. ते लाकूड कोरायचे, मी खाली झोपून नट पिळायचो. तंबोऱ्याच्या गळ्यासाठी वर्षानुवर्षं सुकवलेलं तांबूस तुणाचं लाकूड त्यांनी काढलं. आणि इथं एक चूक झाली, जी फक्त मिरजेतच होऊ शकते. चाचांनी तळाची फळी आणि समोरची फळी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर झाकणासारख्या बसणाऱ्या तबलीसारखी पातळ केली. सवयच ती. हाताला दुसरं माहीत नाही. बोटानं ठोकली तर फळी 'ठक्' म्हणायच्या ऐवजी 'ठंग्ग' म्हणायची आणि म्हणतच राहायची.

"चाचा, हिच्यावर माझे बूट पडणार!" मी बूट दाखवत ओरडलो.

"मग हलके पाड."

समोरची फळी बसवायच्या दिवशी ते गाडीत वाकून बसले होते. तोंडात स्क्रू, हनुवटी फळीवर टेकलेली, हातात पेचकस. मी पुढं हँडल मारून इंजिन चालू केलं. चाचा एकदम ताठ झाले. हातानं खूण केली: बंद कर. मी बंद केलं. हनुवटी पुन्हा फळीवर टेकवली. चालू कर. चालू केलं. आता त्यांनी डोळे मिटले होते आणि स्क्रू एकेक करून तोंडातून मांडीवर पडत होते.

"हवालदार," ते म्हणाले, "चारातला एक रुसलाय. तिसरा."

मी हसलो. ज्याला तोफ ऐकू येत नाही तो सिलिंडर मोजतोय! तरी हवालदाराचं मन, तपासल्याशिवाय राहवेना. तिसरा प्लग काढला. काळाकुट्ट, काजळीनं माखलेला. पुसून, घासून परत लावला, इंजिन चालू केलं. चाचा हनुवटी टेकवून खूप वेळ तसेच राहिले. गेलेले कान परत आले नव्हते. पण आवाज दाराऐवजी भिंतीतून आत आला होता, लाकडातून जबड्यात आणि जबड्यातून थेट डोक्यात. ते उठले तेव्हा डोळे ओले होते.

"तुझ्या गाडीचा धूर फार," ते म्हणाले. धूर मागच्या बाजूला होता, आणि वारा उलटा.

मग पहिली खरी फेरी. मिरजेच्या बाहेर, चिंचांच्या झाडांखालून, सकाळी. शेजारी चाचा. तळ गुरगुरत होता, थरथरत होता, आणि अचानक एका वेगाला सगळी गाडी गायला लागली. खोटं सांगत नाही. तळ, समोरची फळी, दारं, सगळ्यातून एक लांब, भरलेला, गोल सूर. वेग जरा कमी केला की सूर विरायचा, जरा वाढवला की फाटायचा. चाचांनी फळीवरून हनुवटी न उचलता एक बोट वर केलं आणि ओरडले, "काळी चार!"

पेटीवरची काळी चार. बायका ज्या पट्टीत गातात ती. गाडीचा वेग दाखवणारा काटा तिसाच्या आकड्यावर कायमचा झोपलेला होता, म्हणून मी मैलाचे दगड आणि घड्याळ लावून हिशेब काढला. काळी चार म्हणजे चाळीस मैल. जगात दुसऱ्या कुणाच्या मोटारीला असा वेगमापक नसेल. त्या दिवसापासून सांगली-मिरजेत तिला 'काळी चारची गाडी' म्हणू लागले. रस्त्यावरच्या पोरी तिच्या सुरात सूर लावायच्या. मी टोपी काढून नमस्कार करायचो. अजून लग्न व्हायचं होतं.

त्या दिवसांचा विचार केला की वाटतं, माणसाला एकच गोष्ट मनापासून नीट करायला मिळाली की बाकीचं जग आपोआप मदतीला येतं, आणि त्यातली निम्मी मदत चुकीची असते. आबांनी सल्ला दिला, "शर्यतीच्या बैलाला झूल घालत न्हाईत. काढ सगळं." म्हणून मी मडगार्डं काढली, समोरची काच काढली, छत तर आधीच उंदरांनी काढलं होतं. पाण्याची टाकी गळायला लागली तर सांगलीच्या पेठेतल्या हमालानं सांगितलं, हळद टाका. मूठभर हळद टाकली आणि खरंच गळती थांबली. फक्त पाणी उकळलं की नाकातून पिवळी वाफ निघायची. आई दारातून बघून म्हणाली, "हिला हळद लागली. आता तुझी तेवढी राहिली."

माघात साताऱ्याच्या मोटारवाल्या हौशी मंडळींनी चढाची शर्यत ठरवली. यवतेश्वराच्या घाटात, एका वेळी एक गाडी. पायथ्याला जत्रेतली उखळी उडवायची, माथ्यावरच्या माणसानं धूर दिसला की घड्याळ सुरू करायचं. जिंकणाऱ्याला फेटा आणि नारळ. सगळ्यात जोरदार गाडी माधवनगरच्या एका गिरणीवाल्यांच्या मुलाची, चंदूशेठची. आठ सिलिंडरची, अमेरिकेतली, आमच्या गोठ्याएवढी. चंदूशेठ मनानं मोकळा माणूस, पण जीभ तिखट. सांगलीत भेटला तेव्हा म्हणाला, "हवालदार, तुमचा तंबोरा चढ चढेल का? की मध्येच ख्याल सुरू करेल?"

"चढावर द्रुत लय असते शेठ," मी म्हटलं. "तुम्ही ताल धरा."

चाचांना हे सांगायला गेलो तर ते आधीच ठरवून बसलेले. त्यांनी वरच्या फळीवरून ती गुंडाळी काढली आणि माझ्यासमोर सोडली. आत जवारीची कानस, बोटाएवढी.

"हवालदार, मला बरोबर ने."

"चाचा, घाट आहे. हाडं खिळखिळी होतील." मी हाडं हलवून दाखवली.

"ऐक. हनुवटीनं ऐकू येतं म्हणून मी एका रात्री तंबोरा घेतला होता. ऐकू आलं. पण मला वाटतंय ते खरं ऐकू येतंय, की मला ऐकू यावंसं वाटतंय, कोण सांगणार? आळीतले सगळे चांगले आहेत. 'वा चाचा' म्हणतील आणि तंबोरा शेजारी नेतील. तुझं इंजिन माझं नातेवाईक नाही. ते 'वा चाचा' म्हणणार नाही." त्यांनी कानस पुन्हा गुंडाळली. "घाटात माझी परीक्षा होऊ दे. चुकलो तर ही कृष्णेत. बरोबर निघालो तर हिच्यावरची धूळ पुसतो."

मी त्यांच्यासाठी समोरच्या फळीवर घोंगडीची एक पट्टी ठोकायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. "कापूस कानात घालतात, हनुवटीखाली नाही."

शर्यतीच्या दिवशी सकाळी साताऱ्यावर पातळ धुकं होतं. आबा गुळाच्या लॉरीतून, ढेपांवर बसून, साताऱ्याला आले होते. त्यांनी गाडीच्या कानात, म्हणजे आरशापाशी, काहीतरी पुटपुटलं, जसं ते हरण्याच्या कानात पुटपुटायचे. मग ते घाटातल्या मधल्या वळणावर जाऊन उभे राहिले. ठरलं असं होतं, की आधी चंदूशेठ जाणार. तो पायथ्यापासून त्या वळणापर्यंत किती वेळात येतो ते आबांच्या शेजारचा घड्याळवाला बघणार. मी त्याहून लवकर आलो तर आबा फेटा सोडून हलवणार.

चंदूशेठची गाडी गेली. घाटानं तिची गर्जना बराच वेळ तोंडात घोळवली. मग आम्ही. चाचांनी जबड्याभोवती पंचा बांधला होता, दाढदुखीच्या माणसासारखा. हनुवटी फळीवर. उखळी उडाली.

पहिलं वळण, दुसरं वळण. खडी उडत होती, वाळल्या गवताचा वास, तापलेल्या तेलाचा वास, नाकातून पिवळी वाफ. चाचा हनुवटीतून ऐकत होते आणि डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थाप देत होते. थाप पडली की मी गिअर बदलायचो. एकदाही चूक नाही. मी इतकी वर्षं गाड्या हाकल्या, इतका स्वच्छ गिअर त्याआधी कधी पडला नव्हता आणि नंतरही पडला नाही. मधलं वळण आलं, आणि तिथं, धुळीत, आमचे आबा उघड्या डोक्यानं नाचत होते. हातात सोडलेला फेटा, पंधरा हात लांब, वाऱ्यावर. आम्ही पुढं होतो!

शेवटची दोन वळणं राहिली. मला माथ्यावरची माणसं दिसत होती. मला फेटा दिसत होता, नारळ दिसत होता, आईला आवडेल अशी एखादी मुलगीही दिसत असावी. आणि चाचांची मूठ माझ्या मांडीवर आदळली.

"थांब!"

मला काहीही वेगळं ऐकू येत नव्हतं. गाडी गात होती. "चाचा, आलोच आपण!" मी ओरडलो. पण ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. दुसरी मूठ.

"थांब, हवालदार! दुसऱ्याची दांडी ठोकतेय!"

वाचकहो, माणसाच्या डोक्यातून एका श्वासात किती गोष्टी जातात! थांबलो नाही तर जिंकणार. जिंकलो म्हणजे गाडीला काही झालेलं नाही, म्हणजे चाचा चुकले, म्हणजे कानस कृष्णेत. थांबलो आणि इंजिनात काहीच नाही निघालं, तर फेटाही गेला आणि चाचाही गेले. माझे दोन धडधाकट कान सांगत होते, सगळं ठीक आहे. शेजारचा बहिरा माणूस सांगत होता, नाही.

मी पाय उचलला. इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला.

घाट इतका शांत झाला की नाकातली हळद उकळताना ऐकू येत होती. मग माथ्यावरून हशा आला. पोरं उतारावरून धावत आली. चंदूशेठही आला, पण तो हसत नव्हता. खालून आबा धापा टाकत, फेटा गळ्यात अडकवून, वर चढत आले.

"आरं, का थांबलास? म्होरं हुतास की!"

"चाचांना आवाज आला," मी म्हटलं.

"कुणाला?"

"चाचांना. इंजिनातला."

हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या. हसण्यापेक्षा ते वाईट होतं. चाचा पंचा सोडत होते. त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते. ते रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन पाठमोरे बसले.

मी गाडीखाली झोपलो. काकवीच्या डब्यात तेल उतरवलं. तेल गार होईपर्यंत थांबायला हवं होतं, थांबलो नाही, त्याचा डाग अजून मनगटावर आहे. तेलात काहीतरी चमकलं. चांदीच्या वर्खासारखं, बारीक बारीक. इंजिनाचं पोट उघडलं. पिस्टनला धरणारी दुसरी दांडी हातानं डुलत होती. तिच्या बेअरिंगचा धातू विरघळून गेलेला, आणि बोल्टावरचा नट शेवटच्या एका आट्यावर. मी तो बोटानं फिरवला आणि तो माझ्या तळहातावर पडला.

चंदूशेठ माझ्याशेजारी, रेशमी शर्टासकट, धुळीत आडवा झाला होता. त्यानं बघितलं. "आणखी एक वळण," तो हळूच म्हणाला, "आणि दांडी इंजिन फोडून बाहेर आली असती. पायावर."

मी उठलो आणि तो नट चाचांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो फिरवून बघितला, माझ्याकडं बघितलं.

"दुसरी ना?"

मी दोन बोटं वर केली.

चाचांनी मान हलवली, खिशात चाचपलं आणि म्हणाले, "विडी आहे का कुणाकडं?" चार हात पुढं आले.

फेटा-नारळ चंदूशेठला मिळाला, आणि रास्त मिळाला. पण आबांच्या जत्रेत एक रीत होती. पळताना पडलेल्या बैलालाही गुलाल लावायचा, कारण तो उभा राहून हरलेला नसतो. आबांनी साताऱ्याच्या पेठेतून गुलाल आणला. मूठभर गाडीच्या पिवळ्या नाकावर टाकला आणि मग, कुणाला काही न विचारता, चिमूटभर चाचांच्या दाढीला लावला. "मेस्त्री," ते म्हणाले, "आवं, आमच्या हरण्याला बी आसं आईकता आलं असतं तर!" चाचांना एक अक्षर कळलं नाही. पण ते असे हसले की दाढीतला गुलाल उडाला.

आम्ही निघताना चंदूशेठनं मला बाजूला घेतलं. "घरी ताईंचा तंबोरा आहे," तो म्हणाला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, गाणारी. "जवारी गेलीय. दोन ठिकाणी लावून आणली, त्यांना पसंत नाही. चाचा करतील का?"

"विचारा की," मी म्हटलं. "पण मोठ्यानं विचारू नका. त्यांना राग येतो."

गाडी गुळाच्या लॉरीतून, ढेपांच्या शेजारी बसून, घरी आली. पुढं ती मी पुन्हा उभी केली, दोन वर्षं पळवली. मग लग्न झालं, पोरं झाली, आणि बेळगावच्या एका हौशी माणसानं ती नेली. तो विचारत होता, ही मध्येच आवाज का करते. मी म्हटलं, चाळीसच्या वर नेऊ नका, बेसूर होते. आता दारात जीप आहे. नांगरासारखी कामाची, आणि नांगराइतकीच रसिक. तरी कधी कधी, कुणी बघत नाही असं पाहून, मी तिच्या स्टिअरिंगवर हनुवटी टेकवतो. सौभाग्यवती खिडकीतून म्हणतात, "लोक काय म्हणतील?" लोकांचं मला ऐकू येत नाही. हल्ली ऐकायचं सोडलंय.

पण मला सांगायचं आहे ते शर्यतीनंतरच्या पंधरवड्याचं. गुऱ्हाळं आटोपत आली होती. चाचांचा निरोप आला, ये. गेलो तेव्हा आळीतले चार-पाच कारागीर आपापली कामं टाकून दारात उभे होते, काम असल्याचा बहाणा करत. चंदूशेठ आणि त्याच्या ताई आत बसले होते. वरच्या फळीवर गुंडाळी नव्हती. चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला होता, त्याच्या अंगावर हनुवटी टेकवली होती, आणि डाव्या हातानं एक तार छेडत उजव्या हातानं घोडीवर कानस फिरवत होते. एकदा, दोनदा. फुंकर. पुन्हा एकदा. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला, केसाएवढा मागं घेतला, आणि थांबले.

कानस खाली ठेवली. तंबोरा उभा करून ताईंच्या हातात दिला.

ताईंनी तो त्यांच्या पट्टीत, काळी चारात, मिळवला आणि चारी तारांवरून बोटं फिरवली. पोळं उठलं. भोपळ्यातून, भिंतीतून, बसलेल्या चटईतून तो सूर वर आला, लांब, भरलेला, गोल. दारातल्या कुणीच 'वा' म्हटलं नाही. चाचा कुणाकडंच बघत नव्हते. ते माझ्या पायाकडं बघत होते, आणि दाढीतल्या दाढीत हसत होते.

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय आपोआप पुढं सरकला होता आणि चटईवर दाबून बसला होता, चाळीसच्या जरा आधी असतो तसा.